विहीर आणि वाट सामाईक

शेतीच्या वाटणीपत्रात बहुधा अखेरीस एक वाक्य असते : विहीर आणि वाट सामाईक. जमिनीचे तुकडे पडतात, बांध घातले जातात, आंब्याची झाडेदेखील मोजून वाटली जातात. पण पाण्याला आणि पायाला कोणी अडवू नये, एवढे शहाणपण जुनी माणसे त्या एका ओळीत लिहून ठेवीत. गेल्या मार्गशीर्षाच्या अखेरीस आम्ही तिघे भाऊ सायकलींवरून मांजरेच्या खोऱ्यात पाच दिवस हिंडलो, तेव्हा ही ओळ आम्हांला पुनःपुन्हा आठवत राहिली.

आमचे घर हैदराबादेतले. वडिलांचा जन्म मात्र भालकी तालुक्यातल्या, मांजरेकाठच्या एका खेड्यातला. नोकरीसाठी ते हैदराबादेस आले आणि तेथलेच झाले. १९६५ पासून हैदराबादला मंजीरेचे पाणी मिळू लागले. आमच्या नळाला ते आले तेव्हा वडील पहिला पेला भरून घेत आणि म्हणत, "गावचं पाणी आलं." मंजीरा म्हणजे मांजराच. तेलंगणात गेली की तिचे नाव एवढे बदलते. आम्ही ते पाणी जन्मभर प्यालो. पण ज्या काठांवरून ते येते ते काठ आम्ही धडपणे पाहिले नव्हते. वडील गेले, गावचे घर पूर्वीच विकलेले होते. तिकडे जाण्याचे निमित्तही उरले नव्हते. अखेर आम्हीच ते काढले.

सायकली का, असे घरच्या मंडळींनी विचारले. आमची वये साठीच्या आसपासची, हे त्यांचे कारण. आमचे उत्तर असे की, मोटार गावाला बगल देऊन जाते आणि पायी जाण्याइतके दिवस आमच्यापाशी नाहीत. सायकलवाल्याला रस्त्यातला चढ कळतो, वारा कळतो, शेतात काय पिकले आहे ते कळते, आणि कोणी हाक मारली तर थांबताही येते. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरांची सायकलवाट आखलेली आहे. तीवर जागोजाग पाट्या आहेत, उतरण्याच्या सोयी आहेत, आणि देशोदेशींचे लोक ती वाट हिंडायला जातात. मांजरेकाठी पाटी एकही नाही. परंतु खेड्याखेड्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते आहेत, त्यांवर वाहने थोडी आहेत, आणि वाट विचारावी तर सांगणारा माणूस दर फर्लांगाला भेटतो.

सायकली रेल्वेने पार्सलच्या डब्यातून बीदरला नेल्या. बीदर हे जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर वसलेले शहर, समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच. पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलवली. महमूद गवानने १४७२ साली बांधलेला मदरसा अर्धा पडका असला तरी त्याच्या दर्शनी भिंतीवरल्या रंगीत कौलांचा निळा-हिरवा रंग अजून डोळ्यांत भरतो. हा गवान दूर इराणातून आलेला. त्याने बहमनी राज्याची घडी बसवली आणि १४८१ साली दरबारी कारस्थानात त्याचाच शिरच्छेद झाला. गावात बिदरी कामाच्या दुकानांतून ठोकठोक चालू होती. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवायची, मग किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या द्रावणात ते भांडे बुडवायचे. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच उजळ राहते. ही माती दुसरीकडची चालत नाही, असे कारागीर सांगतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही औरादचा रस्ता धरला. पठार संपते आणि रस्ता उतरू लागतो. जांभ्या दगडाची तांबडी माती मागे पडते, काळी सुरू होते, आणि जनवाडा मागे टाकून आपण मांजरेच्या पुलावर येतो. पुलावर आम्ही सायकली कठड्याला टेकवल्या. खाली पाणी संथ होते; काठाला ऊस, त्यापलीकडे वाळलेली तूर आणि हिरवागार हरभरा. धाकट्याने खाली उतरून ओंजळभर पाणी डोक्याला लावले. थोरले म्हणाले, "घरी रोज याच पाण्यानं आंघोळ करतोस की!" पण उतरले तेही.

मांजरा बीड जिल्ह्यात, पाटोदे तालुक्यात, बालाघाटच्या रांगेत उगम पावते. लातूर जिल्ह्यातून ती पूर्वेकडे येते. औराद शहाजानीजवळ तिला तेरणा मिळते. गोरोबाकाकांचे तेर ज्या नदीवर आहे तीच ही तेरणा. मग ती बीदर जिल्ह्यात शिरते, भालकीकडून आलेली कारंजा पोटात घेते, पुढे तेलंगणात जाऊन एकाएकी उत्तरेकडे वळते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून कंदकुर्तीपाशी गोदावरीला मिळते. म्हणजे एकाच नदीच्या पाण्यावर तीन राज्यांचे लोक जगतात. येथे नवख्या प्रवाशाने एक सावधगिरी बाळगावी. औराद नावाची गावे दोन आहेत, एक लातूर जिल्ह्यातले औराद शहाजानी आणि दुसरे बीदर जिल्ह्यातले तालुक्याचे औराद. आम्ही निघालो होतो ते दुसऱ्याकडे. पण वाटेत एकाने मोठ्या आपुलकीने पहिल्याचा रस्ता दाखवला होता.

संतपूरवरून औरादला जाताना चढउतार पुष्कळ, परंतु जीव घेणारे नाहीत. रस्त्याने देवणी जातीची जनावरे भेटत होती. लातूर जिल्ह्यातल्या देवणी गावावरून या जातीला नाव पडले. पण बीदरच्या शेतकऱ्याच्या दावणीलाही हाच बैल असतो. तोंड काळे आणि अंग पांढरे तो वानेरा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके तो शेवरा, आणि तिसरा बाळंक्या. आमचे वडील शहरात म्हशीवाल्याच्या गोठ्यात उभे राहून ही नावे घेत, आणि आम्हांला ती गंमत वाटे. येथे एका गुराख्याला आम्ही "हा शेवरा ना?" म्हणून विचारले, तेव्हा त्याने आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाला, "तुमी हिकडचेच दिसालाव."

हे 'दिसालाव', 'निघालाव' बोलणे आम्ही घरी वडिलांच्या तोंडून ऐकले होते. पुणेकर पाहुण्यांसमोर त्याची आम्हांला लाज वाटत असे. बीदरपासून लातूरपर्यंत तेच बोलणे सगळ्यांच्या तोंडी आहे, हे त्या दिवशी कळले. चहाच्या हॉटेलात एक जण कानडीत चहा मागतो, मालक मराठीत साखर विचारतो, आणि पैसे देताना दोघेही दखनी उर्दूत बोलतात. पाट्या कानडीत आहेत. भिंतीवर विठोबाचे चित्र आहे आणि त्याच्या शेजारी बसवेश्वरांचे.

१९५६ पर्यंत हा सारा एकच बीदर जिल्हा होता, निजामाच्या जुन्या हैदराबाद संस्थानातला आणि मग १९४८ नंतर हैदराबाद राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि जिल्ह्याच्या तीन वाटण्या पडल्या. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे तालुके म्हैसूर राज्याकडे गेले; उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गेले आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत; जहीराबाद, नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशात गेला, तो आज तेलंगणात आहे. आपण 'महाराष्ट्राबाहेरचे मराठी' म्हणवून घेतो. आपल्यातले पुष्कळ जण पोटासाठी किंवा पेशव्यांच्या फौजेबरोबर बाहेर पडले. मांजरेकाठची माणसे मात्र कोठेच गेली नाहीत. ती आपल्याच ओट्यावर बसलेली होती आणि राज्याची रेषा त्यांच्या अंगणावरून गेली.

औरादला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी आम्ही आडरस्त्यांनी कमलनगरकडे निघालो. ही आमच्या प्रवासातली सर्वांत निवांत वाट. तासाभरात दोन ट्रॅक्टर आणि एक एस.टी.सारखी दिसणारी, पण कर्नाटकाची बस, एवढीच वाहने गेली. त्या दिवशी रस्ते विशेष ओस होते, आणि गावे त्याहून ओस. घरांना कुलपे, दुकाने बंद, पारावर कुत्रे झोपलेले. आम्ही बुचकळ्यात पडलो. तेवढ्यात डोक्यावर घागर घेतलेली एक बाई आणि तिच्यामागे टोपल्या घेतलेली पोरे शेताकडे जाताना दिसली. थोरल्यांना एकदम आठवले. मार्गशीर्ष अमावास्या! आज येळवस!

पुण्या-मुंबईच्या वाचकांना येळवस सांगावी लागते. वेळा अमावास्या असे तिचे शहरी नाव. लातूर, धाराशिव, बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांचा हा सण. बाकीच्या महाराष्ट्राला तो फारसा ठाऊक नाही. या दिवशी गाव शेतात जाते. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात, तीत चुना लावलेले पाच दगड मांडून पांडव म्हणून पुजतात, काळ्या आईची ओटी भरतात, आंबील शेतभर शिंपडतात, आणि जो वाटसरू दिसेल त्याला जेवायला बोलावतात. त्याला न बोलावणे हा दोष मानतात.

आम्हांला पहिली हाक आली ती कमलनगरच्या अलीकडे. "ओ सायकलवाले! कुठं निघालाव? जेवल्याबिगर जाऊ नगा!" आम्ही मानभावीपणे एकदा नको म्हटले, दुसऱ्यांदा म्हणण्याचे धैर्य झाले नाही. खोपीशेजारी घोंगडी टाकलेली होती. पळसाच्या पानांवर भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि हाती येईल ती पालेभाजी बेसनात शिजवून केलेला तो दाट, आंबटसर पदार्थ. आमची आई हैदराबादेत बाजारातल्या भाज्या आणून तो करीत असे आणि वडील दर वर्षी म्हणत, "चव आली नाही." चव का येत नसे ते त्या बांधावर समजले.

त्या घरची मोठी सून उदगीरकडची आणि मुलगी दिली होती निलंग्याला. जावई दोन दिवसांपूर्वीच आला होता; त्याच्या घरची येळवसही त्याच दिवशी, पण या वर्षी सासऱ्याचा आग्रह. म्हाताऱ्या आजी आमच्या वडिलांच्या गावाचे नाव ऐकून सरसावून बसल्या. त्यांच्या मावशीचे सासर तेथले. मग वंशावळ्या निघाल्या, आणि तासाभराने असे ठरले की आमचे काहीतरी नाते लागतेच. नेमके कोणते ते पुढच्या भेटीत काढू.

त्यांचा नातू बाराएक वर्षांचा, आमच्या गियरच्या सायकलीभोवती घोटाळत होता. शाळा कानडी. घरी मराठी. "वाचता येते का मराठी?" असे धाकट्याने विचारले. मुलगा म्हणाला, "हिंदीमुळं अक्षरं येतात. सावकाश वाचतो." आजींना वाचता येत नाही, पण हरिपाठ पाठ आहे, मुलाला वाचता येते, पण हरिपाठ पाठ नाही. आम्ही ऐकून घेतले, आणि उपदेश करण्याचा मोह आवरला. कारण आमच्या स्वतःच्या घरी काय आहे? मुले मराठी बोलतात, नातवंडे समजतात, आणि हे मासिक घरी आले की त्याचे वेष्टन आम्हीच फाडतो. त्या मुलाला निदान मराठी बोलावी लागते. उदगीरच्या मामाशी, निलंग्याच्या आत्याशी, बाजारातल्या व्यापाऱ्याशी त्याचे तिच्यावाचून चालत नाही. आमच्या नातवंडांचे चालते. भाषा कोठे टिकते याचा शोध आम्ही सभांतून पुष्कळ घेतला. ती टिकते आहे ती या बांधावर, आणि तेथेही पुढे टिकेल ती ये-जा चालू राहिली तरच.

निघताना मुलगा एक मैलभर आपल्या उंच काळ्या सायकलीवरून आमच्याबरोबर आला. दांड्यात पाय घालून चालवीत होता. आमच्या गियरच्या सायकलीला त्याने चढावर मागे टाकले.

चौथ्या दिवशी मांजरा पुन्हा ओलांडून आम्ही भालकीच्या बाजूस आलो आणि वडिलांचे गाव गाठले. वडील उदगीरच्या शाळेत होते. शिक्षण उर्दूतून, कारण तो काळ निजामाचा. सुट्टीत ते नदीच्या उतारावरून पाणी तुडवून घरी येत. तो उतार आम्हांला पाहायचा होता. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला काठावर नेले आणि बोट दाखवले. बंधाऱ्याचे पाणी दूरवर पसरले होते, उतार त्याखाली. पलीकडच्या काठाला बाभळींची एक ओळ तेवढी होती. "त्या बाभळीच्या नेमानं चालायचं," ते म्हणाले. आम्ही बराच वेळ तेथे उभे राहिलो. वाईट वाटले, हे खरे. परंतु त्याच पाण्यावर त्या गृहस्थांचा ऊस उभा होता, हेही खरे.

आणि या पाण्याची शाश्वती किती? गोदावरी पाणीतंटा लवादाचा निवाडा १९८० साली झाला; त्यात मांजरेच्या पाण्याचेही हिस्से ठरले. पण हिस्सा कागदावर असला तरी नदीत पाणी असावे लागते. २०१६ साली वरचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला एप्रिलपासून मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. मांजरा आटली की आधी वरच्या भावाचे हाल होतात, मग मधल्याचे, आणि शेवटी आमच्यासारख्या नळाखाली भांडे धरणाऱ्यांचे. सामाईक विहिरीचा गाळ काढायला सगळ्यांनी उतरावे लागते, ही गोष्ट वाटणीपत्रात लिहिलेली नसते. ती समजून घ्यायची असते.

भालकीहून बसवकल्याणचा रस्ता हळूहळू चढत जातो. हे कल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी. येथेच बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जातिभेद मोडणारे शरणांचे मंडळ जमवले. आणि येथेच, विक्रमादित्य सहावा याच्या कारकिर्दीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बंगाल सोडून बहुतेक भारतात एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची वाटणी शतकानुशतके या ग्रंथाच्या आधारे होत आली. तिघे भाऊ आम्ही, वडिलांच्या माघारी कधी काळी वाटणीला बसलेले; आम्हांला त्या गावी थोडे हसूही आले आणि थोडे ओशाळल्यासारखेही झाले. आमची वाटणी शांतपणे झाली, पण त्यानंतर तिघे मिळून पाच दिवस एकत्र राहिलो ते याच वेळी.

बसवकल्याण-हुमनाबादच्या या पठारावर पाण्याचीही वाटणी होते. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस मांजरेतून गोदावरीला जातो. दक्षिणेचा मुल्लामारीतून कागिण्याला, तेथून भीमेला आणि कृष्णेला. ज्यांना पुढे जायचे असेल त्यांनी कलबुर्गी जिल्ह्यात उतरावे. आळंदमार्गे किंवा कलबुर्गीहून गाणगापूरला, भीमा-अमरजेच्या संगमावर जाता येते, आणि त्या वाटेवर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि अंबाडीची भाजी यांवर कोणाही सायकलस्वाराचे दोन दिवस सुखाने निघतील.

आम्ही पाचव्या दिवशी हुमनाबादजवळच्या माणिकनगरला थांबलो. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ साली, याच भागातल्या लाडवंतीचा. त्यांनी १८६५ मध्ये येथे समाधी घेतली. सर्व मते एकाच ठिकाणी पोचतात, अशी त्यांच्या सकलमत संप्रदायाची शिकवण. त्यांची पदे मराठीत आहेत, कानडीत आहेत आणि हिंदीतही. दत्तजयंतीची जत्रा पंधरवड्यापूर्वी उलगडली होती. मंडपाचे खांब अजून उभे होते आणि आवारात कोणी कानडी वळणाने एक मराठी पद म्हणत होते. २०१७ साली सुरू झालेल्या बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्गावर हुमनाबाद आहे. तेथूनच आम्ही परतीची गाडी धरली.

ज्यांना ही वाट करावीशी वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. कार्तिक ते माघ हे दिवस चांगले. फाल्गुनानंतर ऊन सोसत नाही. हैदराबाद-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ६५ टाळावा. सस्तापूर बंगल्यापाशी तो ओलांडण्यापुरताच संबंध ठेवावा. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या दोन-दोन ट्रॉल्या येतात. घंटा न वाजवता खाली उतरून उभे राहावे. बाभळीचे काटे फार, तेव्हा दोन ट्यूब जास्त न्याव्यात. तरी पंक्चर झालेच तर घाबरू नये. आमचे चार वेळा झाले. तीन वेळा काढणाऱ्याने मजुरी घेतली, चौथ्याने आमचे गाव विचारले आणि घेतली नाही.

आणि जमल्यास येळवशीला जावे. त्या आजींनी निघताना थोरल्यांच्या हातात तिळाच्या पोळ्यांचे फडके दिले आणि सांगितले, "फुडच्या येळवशीला लेकरं घिऊन या. नातं काढायचं ऱ्हायलंय." ते फडके धुऊन आमच्याकडे ठेवलेले आहे. परत द्यायला जावे लागणारच.